केंद्राध्यक्षाचे प्रशिक्षण: आदेश हातात पडल्यापासून साहित्य जमा होईपर्यंत

सरकारी नोकरीत प्रशिक्षणे पुष्कळ होतात. पायाभूत असते, विभागीय परीक्षेच्या आधीचे असते, नवीन संगणकप्रणाली आली की तिचे असते. त्यातले बरेचसे फाइलमध्ये प्रमाणपत्र लागले की संपते. निवडणुकीचे प्रशिक्षण तसे नाही. तिथे शिकलेले काही आठवड्यांत, पहाटे साडेपाचपासून रात्री उशिरापर्यंत, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर सलग करून दाखवावे लागते आणि चूक झाली तर ती नोंदवहीत कायमची राहते. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झाले, तेव्हा केंद्रांची संख्या लाखाच्या घरात होती. प्रत्येक केंद्रावर एक केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले, शिवाय राखीव, तर किती शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक आणि अभियंते या प्रशिक्षणातून गेले असतील याचा अंदाज येतो. तरीही पहिल्यांदा आदेश आलेल्या माणसाला नेमके काय शिकायचे आहे हे आधी कोणी सांगत नाही. ते इथे क्रमाने मांडले आहे.

आदेश कार्यालयामार्फत येतो. त्यावर तुमचे पद, प्रशिक्षणाचे ठिकाण, तारीख आणि वेळ असते, पण केंद्राचे नाव नसते. नेमणुकांची संगणकीय सरमिसळ तीन टप्प्यांत होते. पहिल्यात कोणाला कोणत्या पदावर घ्यायचे ते ठरते, दुसऱ्यात पथक तयार होते आणि विधानसभा मतदारसंघ मिळतो, तिसऱ्यात केंद्र ठरते आणि ते साहित्य वाटपाच्या वेळीच कळते. त्यामुळे 'मला कोणते गाव' हा प्रश्न पहिल्या प्रशिक्षणात विचारून उपयोग नसतो. स्वतःचा मतदारसंघ सहसा मिळत नाही हे मात्र गृहीत धरावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २८ए प्रमाणे या काळात आपण निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि कर्तव्यात कसूर झाल्यास कलम १३४ लागू होते. गैरहजर राहिलेल्यांना नोटीस येते ती याच आधारावर. खरोखर आजारपण असेल किंवा घरी अडचण असेल तर कागदपत्रांसह अर्ज पहिल्या प्रशिक्षणाआधीच द्यावा. दुसऱ्या सरमिसळीनंतर नाव काढणे फार अवघड होते, कारण तोवर पथक जुळलेले असते.

पहिल्या प्रशिक्षणाला जाताना आदेशाची प्रत, मतदार ओळखपत्राची प्रत आणि मतदार यादीतला आपला भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून न्यावा. टपाली मतपत्रिकेचा नमुना १२ तिथेच भरून घेतात आणि निम्म्या लोकांना भाग क्रमांक माहीत नसतो. ज्याची नेमणूक आपल्याच मतदारसंघात आहे त्याला नमुना १२ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते आणि तो नेमणुकीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देऊ शकतो. लोकसभेला हे बऱ्याच जणांना लागू होते, विधानसभेला क्वचित. नियमाप्रमाणे नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आणि १२ए किमान चार दिवस आधी पोहोचायला हवा. २०२३ मध्ये नियम बदलल्यापासून टपाली मत घरी नेऊन पोस्टाने पाठवायची सोय कर्मचाऱ्यांना राहिलेली नाही, प्रशिक्षणाच्या ठिकाणी उघडलेल्या सुविधा केंद्रातच मत द्यायचे आणि तिथेच जमा करायचे असते. सुविधा केंद्राची तारीख चुकली की मत गेले. दुसऱ्यांचे मतदान घडवून आणणाऱ्याचे स्वतःचे मत अर्जातल्या एका रिकाम्या रकान्यामुळे बुडावे ही गोष्ट आम्हाला मनापासून टोचते. म्हणून हा अर्ज आधी, बाकी सगळे नंतर.

आता मुख्य भाग. पहिले प्रशिक्षण बहुधा मोठ्या सभागृहात होते. पडद्यावर सरकपट्ट्या, मंचावर एक यंत्र, समोर तीनशे-चारशे माणसे. मागच्या रांगेतल्याला कंट्रोल युनिटचा, म्हणजे मते नोंदवणाऱ्या मुख्य यंत्राचा, पडदाही दिसत नाही. अशा सत्रातून कायदा आणि क्रम कळतो, हात बसत नाही. हात बसतो तो नंतरच्या वर्गखोलीतल्या सत्रात, जिथे चाळीसेक लोकांमागे एक-दोन संच ठेवतात. ही प्रशिक्षणाची यंत्रे वेगळी असतात, त्यांच्यावर पिवळे स्टिकर असते. या सत्रात मागे उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याला मतदानाच्या पहाटे त्या चित्रीकरणाचा काही उपयोग होत नाही. एकदा तरी स्वतःच्या हाताने जोडणी, मॉक पोल (चाचणीचे मतदान), क्लोज, रिझल्ट, क्लिअर आणि सीलबंदी करूनच खोलीबाहेर पडावे. मास्टर ट्रेनर घाईत असेल तरी हे मागून घ्यावे, तो आपला अधिकार आहे.

जोडणी सोपी आहे, पण क्रमाची आहे. बॅलट युनिटची, म्हणजे मतदार ज्यावर बटण दाबतो त्या यंत्राची, केबल व्हीव्हीपॅटला, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राला, आणि व्हीव्हीपॅटची केबल कंट्रोल युनिटला. कंट्रोल युनिट बंद असतानाच जोडायचे आणि बंद असतानाच काढायचे. बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट मतदान कक्षात, कंट्रोल युनिट तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर. व्हीव्हीपॅटच्या मागच्या बाजूला कागदाच्या रोलचा लॉक असतो: वाहतुकीत तो आडवा, काम करताना उभा. तो आडवाच ठेवून यंत्र सुरू केले की व्हीव्हीपॅट लगेच दोष दाखवते आणि केंद्राध्यक्ष घाबरून क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन लावतो. पुष्कळदा 'मशीन बंद पडले' या तक्रारीमागे हा लॉक किंवा अर्धवट बसलेली केबल असते. केबलचे टोक दाबून बसल्याचा आवाज आला पाहिजे, आणि काढताना केबल ओढायची नाही, टोकाच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून काढायची. ओढून पिना वाकल्या की संच गेला.

कक्षाची जागा निवडणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, पण तो दोन वाक्यांत उरकला जातो. व्हीव्हीपॅटमध्ये प्रकाशाला संवेदनशील भाग असतात. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बिघडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले, ही महाराष्ट्रातलीच गोष्ट आहे. त्यानंतर यंत्रात सुधारणा झाल्या, तरी कक्ष खिडकीला लागून किंवा थेट बल्बखाली मांडू नये हा नियम कायम आहे. शाळेच्या वर्गात हे जमवायचे तर आदल्या दिवशी संध्याकाळीच जागा पाहावी लागते, कारण पहाटे अंधार असतो आणि सकाळी नऊला ऊन नेमके कुठून येणार हे तेव्हा कळत नाही. खिडकीतून मतदाराचे बटण दिसणार नाही हेही त्याच वेळी पाहावे. केबल कक्षापासून टेबलापर्यंत पुरते का, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते का, तेही. केबल टेबलाच्या पायाला बांधून घेतली तर धक्क्याने निघत नाही.

मॉक पोल, म्हणजे कागदावरचे 'अभिरूप मतदान', मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी सुरू करायचा. सातला मतदान म्हणजे साडेपाचला मॉक पोल. प्रतिनिधी आले नाहीत तर १५ मिनिटे वाट पाहायची आणि सुरू करायचे. किमान ५० मते टाकायची, आणि 'नोटा'सह प्रत्येक उमेदवाराला किमान एक. समजा १२ उमेदवार आणि नोटा, अशी तेरा बटणे आहेत. प्रत्येकी चार मते टाकली की ५२ होतात आणि जुळवणी सोपी जाते. कोणते मत कोणाला टाकले याच्या रेघा एका कोऱ्या कागदावर मारत जायच्या. हे काम एका मतदान अधिकाऱ्याकडे द्यावे, केंद्राध्यक्षाने स्वतः करू नये. प्रत्येक मताची चिठ्ठी काचेतून सात सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन पेटीत पडते. पुढचे मत देईपर्यंत पंधरा सेकंद धरले तर ५२ मतांना तेरा मिनिटे लागतात. वेळ जातो तो त्यानंतर: चिठ्ठ्या उमेदवारनिहाय मोजणे, सह्या, लाख वितळवणे, सीलबंदी. त्यामुळे नव्वद मिनिटे भरपूर वाटली तरी ती पुरतील एवढीच असतात.

मते टाकून झाली की क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर. यालाच सगळे सीआरसी म्हणतात. क्रम चुकला तर यंत्र 'इनव्हॅलिड' दाखवते, बिघडत नाही, योग्य बटण पुन्हा दाबायचे. रिझल्ट दाखवताना प्रत्येक उमेदवाराचा आकडा मोठ्याने वाचायचा, रेघांच्या कागदाशी आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतून काढून मोजलेल्या चिठ्ठ्यांशी जुळवायचा, प्रतिनिधींना दाखवायचा आणि मगच क्लिअर करायचे. क्लिअर झाल्यावर टोटल दाबून शून्य पाहायचे आणि दाखवायचे. त्यानंतर कंट्रोल युनिट बंद करून व्हीव्हीपॅटची पेटी पुन्हा पाहायची आणि आत एकही चिठ्ठी राहिली नाही याची खात्री करायची. सुरू होताना यंत्र स्वतःच्या चाचणीच्या चिठ्ठ्याही छापते, त्याही याच पेटीत असतात आणि त्याही काढायच्या. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांच्या मागे 'मॉक पोल स्लिप' असा शिक्का मारायचा, त्या जाड काळ्या लिफाफ्यात घालून सील करायच्या, लिफाफ्यावर केंद्राध्यक्षाची आणि प्रतिनिधींची सही घ्यायची, मग लिफाफा प्लास्टिकच्या डबीत आणि डबीला गुलाबी कागदी सील.

संपूर्ण प्रशिक्षणातून एकच गोष्ट घरी न्यायची झाली तर ती क्लिअर आणि चिठ्ठ्या काढणे ही आहे. सातला पाच मिनिटे उरलेली असतात, बाहेर रांग लागलेली असते, प्रतिनिधी 'चला साहेब, सुरू करा' म्हणत असतात, आणि क्लोज-रिझल्ट-क्लिअर सगळेच राहून जाते. मग पहिला खरा मतदार त्रेपन्नावा ठरतो. हे दुपारी किंवा संध्याकाळी हिशेब जुळवताना कळते आणि तेव्हा उपाय उरत नाही. अशा केंद्राचे कंट्रोल युनिट मतमोजणीला बाजूला ठेवावे लागते आणि विजयाचा फरक त्या केंद्राच्या मतांपेक्षा कमी असेल तर प्रकरण व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्यापर्यंत जाते. केंद्रावर आलेल्या हजारेक माणसांची मते नव्वद मिनिटांतल्या एका बटणावर अवलंबून असतात. म्हणून आम्ही शिकवताना एक सवय लावून घ्यायला सांगतो: केंद्राध्यक्षाने क्लिअर दाबायचे आणि पहिल्या मतदान अधिकाऱ्याने टोटल दाबून 'शून्य' असे मोठ्याने म्हणायचे. दोन माणसांचा आवाज लागल्याशिवाय सीलबंदीला हात घालायचा नाही. यासाठी कुठला नमुना नाही, पण याने चूक टळते.

मॉक पोलमध्ये एखादे युनिट बिघडले तर फक्त तेवढेच बदलतात. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर बॅलट किंवा कंट्रोल युनिट बिघडले तर संपूर्ण संच, म्हणजे तिन्ही, बदलायचे आणि नव्या संचावर नोटासह प्रत्येकी एक मत टाकून मॉक पोल करायचा. फक्त व्हीव्हीपॅट बिघडले तर तेवढेच बदलायचे, मॉक पोल नाही. हा फरक लेखी चाचणीत हमखास विचारतात आणि प्रत्यक्षात हमखास गोंधळ होतो. खिशातल्या कागदावर लिहून ठेवावा.

सीलबंदी हाताने शिकायची गोष्ट आहे. हिरवे कागदी सील रिझल्ट विभागाच्या आतल्या झाकणाच्या चौकटीत बसते. त्याच्या पांढऱ्या बाजूवर केंद्राध्यक्ष आणि प्रतिनिधींच्या सह्या आधी घ्यायच्या, अनुक्रमांक दिसेल असे लावायचे आणि प्रतिनिधींना अनुक्रमांक लिहून घेऊ द्यायचा. झाकण लावल्यावर दोन्ही टोके बाहेर आली पाहिजेत. आतले झाकण लागले की स्पेशल टॅग, त्यावर कंट्रोल युनिटचा क्रमांक लिहून, दोऱ्याने बांधून लाखेचे सील. मग बाहेरचे झाकण, पत्ता टॅग आणि शेवटी ए-बी-सी-डी अशा चार टोकांची पट्टी. दोरा सैल बांधला तर झाकण नीट बसत नाही, फार घट्ट ओढला तर कागदी सील फाटते. फाटलेले सील फेकायचे नाही, त्याचा हिशेब १७ सी मध्ये, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात, द्यावा लागतो. लाख मेणबत्तीवर वितळवताना तिचे थेंब यंत्रावर पडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा धरावा. पंखा चालू असेल तर मेणबत्ती विझत राहते, हे वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही कारण तिथे लाख लावूनच दाखवत नाहीत. एक जादा काडेपेटी आणि दोन मेणबत्त्या स्वतःच्या पिशवीत असाव्यात.

यानंतर मतदार नोंदवहीत, म्हणजे १७ ए मध्ये, पहिल्या मतदाराच्या आधी केंद्राध्यक्षाने कंट्रोल युनिटची टोटल तपासली व ती शून्य आढळली असे लिहून सही करायची. यंत्रावर दिसणारी तारीख आणि वेळ घड्याळाशी ताडून पाहायची, फरक असेल तर दैनंदिनीत नोंदवायचा. नोंद नसलेला सात मिनिटांचा फरक पुढे मोठा प्रश्न बनू शकतो.

मतदानाचा दिवस हा मुख्यतः गतीचा प्रश्न आहे. सात ते सहा म्हणजे अकरा तास. बाराशे मतदारांच्या केंद्रावर ६५ टक्के मतदान झाले तर ७८० माणसे, म्हणजे माणशी सुमारे पन्नास सेकंद. पण ती समान येत नाहीत. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी चारनंतर रांग असते. पहिला मतदान अधिकारी चिन्हांकित मतदार यादीत नाव शोधतो, मोठ्याने वाचतो आणि लाल पेनाने नोंद छेदतो. दुसरा डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या सांध्यापर्यंत शाई लावतो, १७ ए मध्ये नोंद करून सही किंवा अंगठा घेतो आणि मतदार चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन बॅलट बटण दाबतो. रांग अडते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्याकडे. त्याच्यासाठी लक्षात ठेवायचे: मतदार ओळखपत्र असेल तर रकान्यात फक्त 'ईपी' लिहायचे, पूर्ण क्रमांक नको, आणि दुसरा पुरावा असेल तर त्याचे शेवटचे चार अंक. पूर्ण आधार क्रमांक लिहीत बसणारा अधिकारी रांगही वाढवतो आणि मतदाराची माहितीही उघडी करतो. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, हे दिवसभरात अनेकदा शांतपणे सांगावे लागते.

मतदार चिठ्ठीच्या क्रमानेच मतदान झाले पाहिजे. तिसऱ्या अधिकाऱ्याने दर तासाला कंट्रोल युनिटची टोटल आणि १७ ए चा शेवटचा क्रमांक ताडून पाहावा. कक्षात असलेला एखादा मतदार वगळता फरक असता कामा नये. दर दोन तासांनी, म्हणजे ९, ११, १, ३ आणि ५ वाजता, आकडेवारी द्यायचीच असते, त्यामुळे ही जुळवणी वेगळे काम ठरत नाही. फरक सकाळी दहाला सापडला तर कारणही सापडते: कोणी बटण न दाबता निघून गेले, किंवा नोंद दोनदा झाली. संध्याकाळी सहाला सापडला तर फक्त आकडा उरतो.

अपवादाचे प्रसंग प्रशिक्षणात सगळ्यात कंटाळवाणे वाटतात, कारण नमुन्यांचे क्रमांक धडाधड येतात. केंद्रावर मात्र तेच अडवतात. कोणी आधीच आपल्या नावावर मत देऊन गेले असे कळले तर मतदाराची ओळख पटवून त्याला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे वेगळी कागदी मतपत्रिका, द्यायची, नोंद १७ बी मध्ये, आणि हे मत यंत्रावर कधीही घ्यायचे नाही. प्रतिनिधीने ओळखीवर हरकत घेतली तर दोन रुपये शुल्क घेऊन चौकशी, नोंद नमुना १४ मध्ये. अंध किंवा अशक्त मतदाराबरोबर १८ वर्षांवरील सोबती, नमुना १४ए, सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई, आणि एका सोबत्याला दिवसभरात एकाच मतदाराला मदत करता येते. गावात एकच कार्यकर्ता पाच आजींना घेऊन येतो तेव्हा हा नियम ठामपणे पाळावा लागतो. सही करून मतदाराने मत द्यायचे नाही ठरवले तर नियम ४९ ओ खाली शेरा. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर दुसरेच नाव छापले गेले असे कोणी म्हटले तर नियम ४९ एमए: लेखी प्रतिज्ञापत्र, खोटे ठरल्यास काय होते याची समज, १७ ए मध्ये दुसरी नोंद आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत. हे चाचणी मत कोणत्या उमेदवाराला टाकले ते लिहून ठेवलेच पाहिजे, कारण मतमोजणीत ते वजा होते. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी एएसडी यादी वेगळी असते. त्या यादीतला माणूस समोर उभा राहिला तर त्याला हाकलायचे नाही. ओळख काटेकोर तपासायची, घोषणापत्र घ्यायचे, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा आणि मतदान करू द्यायचे. यादी चुकीची असू शकते, समोरचा जिवंत मतदार खरा असतो.

सहा वाजता रांगेत जेवढे उभे आहेत त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे. शेवटच्यापासून का, तर मागे नवा माणूस येऊन उभा राहू नये म्हणून. शेवटचे मत झाले की क्लोज बटणावरची टोपी काढून ते दाबायचे, टोटल आणि वेळ लिहायची, टोपी परत लावायची. मगच यंत्र बंद करून केबल काढायची. क्लोज राहिले तर मतमोजणीच्या टेबलावर निकाल दिसत नाही. उलट दुपारी चुकून क्लोज दाबले गेले तर त्या संचावर पुढे मतदान घेता येत नाही, म्हणून दिवसभर त्या टोपीला कोणी हात लावायचा नाही. व्हीव्हीपॅटचा लॉक पुन्हा आडवा करायचा, तिची बॅटरी काढायची, कंट्रोल युनिटची मात्र काढायची नाही.

आता १७ सी, नोंदवलेल्या मतांचा हिशेब. थकलेल्या माणसाने भरायचा हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. एकूण मतदार, १७ ए मधील मतदार, मत न देणारे, मतदानापासून रोखलेले, चाचणी मते, यंत्रातील मते, प्रदत्त मतपत्रिका, कागदी सीलचा हिशेब. सूत्र एकच: १७ ए ची संख्या वजा मत न दिलेले वजा रोखलेले, बरोबर यंत्राची टोटल. १७ ए च्या शेवटच्या अनुक्रमांकावर अवलंबून राहू नये. घाईत एक क्रमांक सुटला किंवा दोनदा पडला की शेवटचा आकडा खोटा ठरतो, पाने मोजून खात्री करावी. आकडे जुळत नसतील तर जुळवून लिहायचे नाहीत, फरक आहे तसा नोंदवायचा. नोंदवलेला फरक मतमोजणीला समजून घेता येतो, झाकलेला फरक केंद्राध्यक्षावर येतो. उपस्थित प्रत्येक प्रतिनिधीला १७ सी ची प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. एक उपाय फार कामी येतो: कोरा १७ सी, दैनंदिनी आणि घोषणापत्रे यांवरची केंद्राचे नाव, क्रमांक, यंत्रांचे क्रमांक, सीलचे क्रमांक ही माहिती आदल्या रात्रीच भरून ठेवावी. संध्याकाळी फक्त आकडे उरतात.

आदल्या दिवशीच्या साहित्य वाटपाबद्दल थोडे. यंत्रांचे क्रमांक आदेशाशी आणि टॅगवर लिहिलेल्या क्रमांकाशी ताडायचे, चिन्हांकित यादीची पाने आणि पुरवणी यादी मोजायची, प्रदत्त मतपत्रिका, हिरवी सील, धातूची मोहोर, बाण-फुलीचा शिक्का, शाईची बाटली गळत नाही ना हे पाहायचे. वाटप केंद्रावर व्हीव्हीपॅट सुरू करून पाहायचे नसते. ती आधीच तपासून दिलेली असते आणि अकारण चालू-बंद केल्याने त्रास वाढतो. पथकातल्या चौघांनी तिथेच बसून कामे वाटून घ्यावीत. त्यापैकी दोघे पहिल्यांदाच आलेले असतात, त्यांना रात्री केंद्रावर कोऱ्या कागदावर १७ ए च्या पाच नोंदी करायला लावाव्यात.

परत जमा करताना पाकिटांचा क्रम विचारतात. यंत्रे, १७ सी, केंद्राध्यक्षाची दैनंदिनी आणि मॉक पोलचा काळा लिफाफा सर्वांत वर, हाताशी ठेवावे. वैधानिक पाकिटात चिन्हांकित यादी, १७ ए, मतदार चिठ्ठ्या आणि वापरलेल्या-न वापरलेल्या प्रदत्त मतपत्रिका असतात, हे लिफाफे सीलबंदच हवेत. १७ सी चुकून वैधानिक पाकिटात सील झाला तर टेबलावर पुन्हा सगळे उघडावे लागते आणि मध्यरात्रीच्या रांगेत ते कोणालाच परवडत नाही. पोचपावती आणि कार्यमुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत चौघांपैकी कोणीही निघायचे नाही.

महापालिका, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेचा आदेश आला तर वरचे सगळे जसेच्या तसे वापरू नये. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, यंत्रांबरोबर व्हीव्हीपॅट नसते, नमुने वेगळे असतात, आणि बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक जागांसाठी बटणे दाबावी लागतात. सगळ्या जागांची बटणे दाबून होईपर्यंत त्याचे मतदान पूर्ण होत नाही. तिथे रांग कक्षातच अडते, कारण दोन बटणे दाबून मतदार बाहेर पडू लागतो आणि त्याला परत पाठवावे लागते. अशा वेळी तिसऱ्या अधिकाऱ्याने बझर वाजेपर्यंत पुढच्या माणसाला आत सोडायचे नाही, आणि प्रशिक्षणात त्या आयोगाचीच पुस्तिका मागून घ्यायची.